स्पीच मोटर कंट्रोलमध्ये पोस्टडॉक शोधताय? कुठे शोधायचं, कोणाला लिहायचं, काय विचारायचं

आधी हळूच 'काल' म्हणा, मग 'काळ' म्हणा. फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा, पण दुसऱ्या वेळी जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागून परत येतं आणि हे इतकं झटकन होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. साधं बोलताना आपण सेकंदाला १० ते १५ ध्वनी काढतो, त्यासाठी श्वासाचे, स्वरयंत्राचे, जिभेचे, ओठांचे, जबड्याचे मिळून १०० च्या आसपास स्नायू एकमेकांशी वेळ जुळवून काम करतात, आणि मेंदू हे जमवतो कसं हा प्रश्न म्हणजे स्पीच मोटर कंट्रोल. तोतरं बोलण्यात नेमकं काय अडतं, पार्किन्सनमध्ये आवाज बारीक का होतो, स्ट्रोकनंतर शब्द डोक्यात असूनही तोंडातून का निघत नाही, हे सगळं याच प्रश्नाच्या पोटात येतं.

हा लेख पीएचडी संपत आलेल्या किंवा नुकतीच झालेल्या आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा) शोधणाऱ्या लोकांसाठी आहे. तुम्ही न्यूरोसायन्सचे असा, स्पीच थेरपीचे असा, सिग्नल प्रोसेसिंगवाले इंजिनिअर असा नाहीतर भाषाशास्त्रातले असा, चालेल. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: या विषयाला स्वतःचं घर नाही. याचा वेगळा डिपार्टमेंट जवळपास कुठेच सापडत नाही, काम होतं ते स्पीच अँड हिअरिंगमध्ये, सायकॉलॉजीत, न्यूरोसर्जरीत, इंजिनिअरिंगमध्ये, ईएनटीमध्ये. त्यामुळे जाहिराती विखुरलेल्या असतात, नावं वेगळी असतात, आणि समोर बसलेला प्रोफेसर तुमच्या विषयातला नसण्याची शक्यता जास्त. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवरून ठरतात.

पायरी १: आपण कुठल्या दारातून आत जाणार ते ठरवा

लोक इथे घाई करतात. आधी लॅबची यादी करतात आणि मग तिथे बसेल असा प्रश्न शोधतात. उलटं करा.

पहिलं दार वर्तनाच्या प्रयोगांचं, आणि माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायचा असेल तर इथूनच सुरुवात करावी. मूळ कल्पना जुनी आहे, गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो हे लोंबार्डने १९११ मध्ये दाखवलं, स्वतःचाच आवाज थोडा उशिरा ऐकवला की बोलणं अडखळायला लागतं हे ली यांनी १९५० मध्ये दाखवलं आणि हा परिणाम साधारण २०० मिलिसेकंदांच्या उशिराला सगळ्यात जोरात दिसतो. मग १९९८ मध्ये हाउड आणि जॉर्डन यांचा 'सायन्स'मधला पेपर आला. त्यात माणूस कुजबुजत शब्द म्हणतो, हेडफोनमधून त्याला त्याचाच आवाज फॉर्मंट (कुठला स्वर आहे हे ठरवणाऱ्या वारंवारता) बदलून ऐकवतात, आणि थोड्या वेळाने तो नकळत उलट्या दिशेने उच्चार बदलायला लागतो. म्हणजे समजा तुम्ही 'ए' म्हणताय आणि ऐकू येतंय 'ॲ'सारखं, तर तुमचं तोंड हळूहळू 'इ'कडे सरकतं. हेडफोन काढला तरी हा बदल काही काळ टिकतो, आणि म्हणूनच त्याला शिकणं (ॲडाप्टेशन) म्हणता येतं. गंमत अशी की भरपाई जवळपास कधीच पूर्ण होत नाही, अर्धवटच होते, आणि ती अर्धवट का होते यावर आजही वाद चालू आहे. कारण कान एक सांगतो आणि जीभ-जबड्याची स्वतःची जाणीव दुसरंच सांगते, मग मेंदूने ऐकायचं कोणाचं?

याला लागूनच दुसरं दार, मॉडेलचं, म्हणजे मेंदूचं हे काम गणिताने मांडून बघण्याचं. बोस्टन युनिव्हर्सिटीचे फ्रँक गुंथर यांचं दिवा (DIVA) मॉडेल, यूसीएसएफच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्को) हाउड आणि नागराजन यांचं स्टेट फीडबॅक कंट्रोल, यूसी अर्व्हाइनच्या ग्रेग हिकॉक यांचं त्याच कल्पनेचं पायऱ्यापायऱ्यांचं रूप, आणि २०१९ मध्ये बेन पॅरेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं फॅक्ट्स (FACTS) मॉडेल. गणित आणि कोडिंग आवडत असेल तर इथे माणसं कमी आहेत आणि गरज मोठी आहे.

तिसरं दार इमेजिंगचं. एक अडचण आधीच माहीत असू द्या: बोलणारा माणूस हलतो. एफएमआरआयमध्ये (रक्तप्रवाहावरून मेंदूचं काम टिपणारा स्कॅन) जबडा हलला की सिग्नल बिघडतो, म्हणून बरेचदा मशीन शांत ठेवून बोलायला लावतात आणि रक्तप्रवाहाचा प्रतिसाद ५-६ सेकंदांनी शिखरावर जातो त्या वेळी स्कॅन घेतात. ईईजीत (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेलं रेकॉर्डिंग) चेहऱ्याच्या स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलवर बसतो. ज्यांनी आजवर फक्त ऐकण्यावर किंवा वाचण्यावर इमेजिंग केलंय त्यांना इथे आल्यावर धक्का बसतो.

चौथं दार सध्या सगळ्यात जास्त गाजतंय, म्हणजे मेंदूच्या आतून थेट रेकॉर्डिंग आणि त्यावर उभे राहिलेले स्पीच प्रोस्थेसिस (मेंदूच्या सिग्नलवरून बोलणं परत मिळवून देणारी यंत्रं). २०१३ मध्ये यूसीएसएफच्या एडवर्ड चँग यांच्या गटाने 'नेचर'मध्ये ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र यांचे नकाशे सेन्सरीमोटर कॉर्टेक्सवर (मेंदूचा हालचाल आणि स्पर्श सांभाळणारा भाग) कसे मांडलेले असतात ते दाखवलं. २०२१ मध्ये ब्रेनस्टेम स्ट्रोकमुळे बोलणं गेलेल्या माणसाच्या मेंदूतून ५० शब्दांचा संच ओळखला गेला. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये दोन पेपर एकत्र आले, स्टॅनफर्डचा मिनिटाला ६२ शब्दांचा आणि यूसीएसएफचा ७८ शब्दांचा, आणि २०२४ मध्ये यूसी डेव्हिसने एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा आजार) असलेल्या माणसात ९७ टक्क्यांच्या आसपास अचूकता दाखवली. ज्याचं बोलणं पूर्ण गेलंय अशा माणसाने घरच्यांशी पुन्हा बोलावं याहून मोठं कारण कुठल्या संशोधनाला लागतं? पण एक लक्षात ठेवा, या लॅबमध्ये बरंचसं काम डीकोडिंगचं, म्हणजे मशीन लर्निंगचं असतं. तुमचा प्रश्न 'मेंदू बोलणं कसं चालवतो' हा असेल तर तो प्रश्न विचारायला तिथे वेळ मिळणार का, हे आधी विचारून घ्या.

पाचवं दार क्लिनिकल. तोतरेपणावर सू-उन चँग, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे लुडो मॅक्स, ऑक्सफर्डच्या केट वॉटकिन्स, स्वरयंत्राच्या डिस्टोनियावर (स्नायू आपोआप आखडणं) बोस्टनच्या क्रिस्टिना सिमोन्यान, ही सहज आठवणारी नावं. डिसार्थ्रिया (स्नायूंवरचा ताबा गेल्याने अस्पष्ट होणारं बोलणं), मुलांमधला ॲप्रॅक्सिया (उच्चारांची आखणीच नीट न जमणं), पार्किन्सन, एएलएस या प्रत्येकाचं वेगळं विश्व आहे. सहावं दार प्राण्यांच्या मॉडेलचं, झेब्रा फिंच पक्षी आणि गाणारे उंदीर, आणि ते दिसतं तितकं लांबचं नाही. न्यूयॉर्कचे मायकेल लाँग दोन्हीकडे काम करतात, २०१६ च्या त्यांच्या पेपरमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जागा असलेल्या माणसांच्या मेंदूचा छोटा भाग थंड करून बघितला, ब्रोकाचा भाग थंड केला की बोलण्याची लय बदलली आणि स्पीच मोटर कॉर्टेक्स थंड केला की उच्चार बिघडले. ही थंड करण्याची पद्धत पक्ष्यांवरच्या कामातून आलेली आहे.

आता एका कागदावर एक वाक्य लिहा: 'मला हे कळून घ्यायचंय की...' आणि ते वाक्य दारांच्या नावाशिवाय पूर्ण करा. 'मला ईकॉग करायचंय' (ईकॉग म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवून रेकॉर्डिंग) हा प्रश्न नाही. 'पुढचा ध्वनी कधी सुरू करायचा हे मेंदू कशावरून ठरवतो' हा प्रश्न आहे.

पायरी २: आपल्याला काय येत नाही ते लिहा

काय येतं ते सीव्हीत असतंच. पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांत एक नवी पद्धत हातात येणं, ती कुठली ते ठरवा. साधा नियम सांगते: प्रश्न ओळखीचा ठेवा आणि पद्धत नवी घ्या, किंवा पद्धत ओळखीची ठेवा आणि प्रश्न नवा घ्या. दोन्ही एकदम नवीन घेतलं तर पहिलं वर्ष नुसतं पाण्याबाहेर डोकं ठेवण्यात जातं, आणि दोन्ही जुनंच घेतलं तर पुढे नोकरीच्या मुलाखतीत सांगायला नवीन काहीच उरत नाही.

इंजिनिअर लोकांनो, प्राट (आवाज तपासायचं सॉफ्टवेअर) उघडून स्वतःच्या हाताने शंभर-दोनशे स्वरांचे फॉर्मंट तपासा, फॉर्मंट आपोआप मोजणारा ट्रॅकर कुठे चुकतो ते डोळ्यांनी बघा. थेरपिस्ट मंडळींनो, पायथन नाहीतर मॅटलॅब शिकाच, याला पर्याय नाही. नुसते ब्रेन मॅप बघत बसणाऱ्यांनी रेकॉर्डिंग कानाने ऐकायची सवय लावा, नाहीतर ते उंटावरून शेळ्या हाकणं होतं.

सरावाला मोफत डेटा भरपूर आहे. ओपनन्यूरोवर इमेजिंगचे सेट मिळतात, डिसार्थ्रियासाठी टोरांटोचा टॉर्गो, तोतरेपणासाठी फ्लुएन्सीबँक, जिभेच्या हालचालींसाठी मोचा-टिमिट, आणि यूएससीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) श्रीकांत नारायणन यांच्या गटाने रिअल-टाइम एमआरआयचा ७५ बोलणाऱ्यांचा सेट खुला केलाय, त्यात तोंडाच्या आतली हालचाल अक्षरशः सिनेमासारखी दिसते. यातल्या एखाद्यावर दोन महिन्यांचं छोटं काम करून कोड खुला टाका. ईमेलमध्ये ती एक लिंक दहा वाक्यांचं काम करते.

पायरी ३: योग्य शब्दांनी शोधा

माझी पहिली मोठी चूक इथे झाली. मी जॉब साइटवर 'स्पीच मोटर कंट्रोल' एवढंच टाकून शोधत बसले, हाताला दोन-चार जाहिराती लागल्या, आणि मला वाटलं या विषयात जागाच नाहीत. जागा होत्या, फक्त दुसऱ्या नावाने होत्या.

म्हणून शब्दांची यादी करा आणि प्रत्येकाचा वेगळा अलर्ट लावा: स्पीच प्रोडक्शन, सेन्सरीमोटर लर्निंग, सेन्सरीमोटर ॲडाप्टेशन, ऑडिटरी फीडबॅक, व्होकल कंट्रोल, लॅरिंजियल मोटर कॉर्टेक्स, आर्टिक्युलेशन, स्पीच बीसीआय (ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस), न्यूरोप्रोस्थेसिस, मोटर स्पीच डिसऑर्डर्स, डिसार्थ्रिया, ॲप्रॅक्सिया, स्टटरिंग, ईकॉग, इंट्राक्रेनियल ईईजी, व्होकल लर्निंग. युरोपसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, आणि सगळीकडसाठी नेचर करिअर्स, एवढं पुरे.

पण खरं सांगू का, या छोट्या विषयात कितीतरी जागा जाहिरातीपर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी कोणालातरी सांगितलेलं असतं. कॉन्फरन्स म्हणूनच महत्त्वाच्या. सोसायटी फॉर द न्यूरोबायॉलॉजी ऑफ लँग्वेजची वार्षिक सभा, इंटरनॅशनल सेमिनार ऑन स्पीच प्रोडक्शन, नेदरलँड्समध्ये भरत आलेली स्पीच मोटर कंट्रोल कॉन्फरन्स, अमेरिकेतली मोटर स्पीच कॉन्फरन्स, अकूस्टिकल सोसायटीच्या सभा, न्यूरल कंट्रोल ऑफ मूव्हमेंटची सभा. एकच परवडत असेल तर छोटी निवडा. हजारोंच्या गर्दीत तुमच्या पोस्टरसमोर दोन मिनिटं कोणी थांबेल, छोट्या सभेत तोच प्रोफेसर चहाच्या रांगेत तुमच्या मागे उभा असतो.

पायरी ४: लॅबचा अभ्यास करा, आणि पैशाचाही

सात-आठ लॅब निवडा, जास्त नको. यूसीएसएफ, बोस्टन ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण विस्कॉन्सिन-मॅडिसनला कॅरोलाइन निझिओलेक आणि बेन पॅरेल आहेत, मॅकगिलला डेव्हिड ऑस्ट्री, न्यूयॉर्कला अदीन फ्लिंकर, फ्रान्समध्ये ग्रेनोबलचा जिप्सा-लॅब, न्यू हेवनला हॅस्किन्स लॅबोरेटरीज, नेदरलँड्समध्ये नायमेखनची मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूट. माणसं जागा बदलतात, तेव्हा लॅबचं सध्याचं पान बघूनच पुढे जा.

प्रत्येक लॅबचे मागच्या चार वर्षांतले पेपर काढा आणि निष्कर्षाच्या आधी मेथड्स वाचा. किती लोकांवर प्रयोग झाला, कुठलं यंत्र, पहिला लेखक कोण होता आणि तो आता कुठे आहे. लॅबच्या पानावरची जुन्या सदस्यांची यादी सोन्यासारखी असते, आधीचे पोस्टडॉक पुढे कुठे गेले ते त्यातून कळतं, आणि तशी यादीच नसेल तर आधीच्या लोकांना शोधून विचारा.

आता जे फार कमी लोक करतात ते: ग्रँट शोधा. अमेरिकेतल्या लॅबसाठी एनआयएचची (तिथली राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था) 'एनआयएच रिपोर्टर' नावाची सार्वजनिक साइट आहे, तिथे पीआयचं (लॅबच्या प्रमुखाचं) नाव टाकलं की कुठली ग्रँट चालू आहे, तिचा गोषवारा काय, ती कधी सुरू झाली आणि कधी संपते सगळं दिसतं. या विषयात मुख्य पैसा एनआयएचच्याच एनआयडीसीडी (ऐकणं-बोलण्याचे विकार) आणि एनआयएनडीएस (मज्जासंस्थेचे विकार) या दोन संस्थांकडून येतो. युरोपियन युनियनच्या प्रकल्पांसाठी कॉर्डिस, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च. नवी पाच वर्षांची ग्रँट पहिल्या-दुसऱ्या वर्षात असेल तर त्या लॅबला माणूस हवा असण्याची शक्यता बरीच. शेवटचं वर्ष चालू असेल तर प्रोफेसर कितीही चांगला असला तरी 'पुढच्या वर्षी पगार कशातून?' हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागेल. शिवाय गोषवारा वाचला की लॅब पुढे कुठे चाललीय ते कळतं, पेपर तर दोन वर्षांपूर्वीचं काम सांगतात.

पायरी ५: ईमेल

जाहिरात नसली तरी लिहा, खडा टाकून बघायला काय हरकत आहे. पण खडा नेमका पडला पाहिजे. ईमेल एका स्क्रीनवर मावला पाहिजे: पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि पीएचडी कधी पूर्ण होतेय, मग त्यांच्या कामाबद्दल एक खरा मुद्दा, मग तुमच्याकडे असलेलं एक कौशल्य जे त्यांच्या लॅबमध्ये दिसत नाही, मग कधीपासून येऊ शकता आणि स्वतः फेलोशिपचा अर्ज भरायची तयारी आहे का. सीव्ही जोडा, एक पेपर जोडा, बस.

खरा मुद्दा म्हणजे काय? 'तुमचं काम मला फार प्रेरणादायी वाटतं' हे नाही. असं काहीतरी: 'तुमच्या पेपरमध्ये तोतरं बोलणाऱ्यांमध्ये हळूहळू होणारं ॲडाप्टेशन कमी दिसलं, पण त्याच लोकांना अचानक पिच बदलून ऐकवल्यावर १०० ते १५० मिलिसेकंदांत येणारा झटपट प्रतिसाद मोजलेला नाही. तो ठीक असेल तर अडचण चूक ओळखण्यात नसून ती लक्षात ठेवून पुढचा उच्चार सुधारण्यात आहे असं म्हणता येईल. माझ्याकडे दोन्ही एकाच सत्रात मोजायचं डिझाइन आहे.' हे वाचून प्रोफेसर चूक काढायला तरी उत्तर देतोच.

मराठी बोलणाऱ्यांकडे आणखी एक खरी जमेची बाजू आहे. या क्षेत्रातले बरेचसे प्रयोग इंग्रजी आणि मोजक्या युरोपियन भाषांवर झालेत. आपल्याकडे दंत्य आणि मूर्धन्य असा जिभेच्या टोकाचा फरक आहे, 'चार' आणि 'चारा' यातले दोन वेगळे 'च' आहेत, 'म्ह' आणि 'न्ह' आहेत जिथे नाकातून हवा आणि श्वासाचा झोत एकदम सांभाळावा लागतो. मॉडेल सगळ्या माणसांसाठी आहे म्हणायचं तर ते या आवाजांवर तपासायला नको का? हा मुद्दा भावनेने नाही, प्रश्न म्हणून मांडा, म्हणजे अमुक मॉडेल अमुक ध्वनीसाठी काय भाकीत करतं आणि ते कसं तपासता येईल.

दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एक छोटी आठवण पाठवा. तरी नाही आलं तर पुढे जा, मनाला लावून घेऊ नका, ग्रँटची डेडलाइन असली की त्यांचा इनबॉक्स बघण्यासारखा राहत नाही.

पायरी ६: फेलोशिप

घोडं बरेचदा इथे अडतं, कारण पात्रतेचे नियम उशिरा वाचले जातात. अमेरिकेतली एनआयएचची एफ३२ आणि टी३२ (पोस्टडॉकला पैसे देणाऱ्या योजना) फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते, बाहेरच्यांनी त्यात वेळ घालवू नये. के९९/आर०० (पोस्टडॉकमधून स्वतःच्या लॅबकडे नेणारी ग्रँट) मात्र परदेशी पोस्टडॉकनाही खुली राहिलेली आहे, पण पोस्टडॉकचा अनुभव ४ वर्षांच्या आत असावा लागतो, म्हणजे तिचा विचार पहिल्या वर्षापासूनच करायचा. अर्ज करताना त्या वेळची नोटीस वाचाच, कारण नियम बदलत असतात.

युरोपात मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप. तिचा मोबिलिटीचा नियम कडक आहे: ज्या देशात जायचं त्या देशात डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. आधी दीड वर्ष त्याच देशात छोटी नोकरी केली की दार बंद. डेडलाइन साधारण सप्टेंबरमध्ये असते, म्हणजे होस्टशी बोलणं वसंत ऋतूतच सुरू व्हायला हवं. जर्मनीसाठी हुम्बोल्ट फेलोशिप आहे, पोस्टडॉक गटात पीएचडीनंतर ४ वर्षांपर्यंत. जपानसाठी जेएसपीएस (जपान सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ सायन्स). ब्रिटनसाठी रॉयल सोसायटीची न्यूटन इंटरनॅशनल. ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅमची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप तर भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगमधून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठीच आहे, आपल्या विषयाला चपखल बसते आणि तरी आपल्यातले फार कमी लोक तिचा विचार करतात.

प्रपोजल लिहिताना परीक्षक तुमच्या विषयातला नसणार हे धरूनच लिहा. पहिल्या पानावर एक माणूस, एक उच्चार आणि एक अडचण दिसली पाहिजे. मॉडेलची चौकोन-बाणांची आकृती दुसऱ्या पानावर.

पायरी ७: मुलाखत, आणि तुम्ही घ्यायची मुलाखत

साधारण पाऊण तासाचा टॉक असतो. त्यात आवाज ऐकवा! स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) दाखवा आणि तोच आवाज वाजवा, मूळ आणि बदललेला. खोलीत न्यूरोसर्जन असेल, भाषाशास्त्रज्ञ असेल, मास्टर्सचा विद्यार्थी असेल, पाच सेकंदांच्या आवाजाने सगळे एका पातळीवर येतात.

मग तुमची पाळी. लॅबच्या लोकांशी पीआय नसताना बोलायला मिळावं अशी मागणी करा, हे सगळीकडे चालतं आणि नकार आला तर तोही बोलका आहे. विचारायचे प्रश्न असे. रुग्णांपर्यंत पोचायचा रस्ता कोणाच्या हातात आहे, आपल्या की दुसऱ्या डिपार्टमेंटच्या? इंट्राक्रेनियल (मेंदूच्या आतून रेकॉर्डिंग करणारी) लॅब असेल तर वर्षाला किती रुग्ण येतात आणि त्यातले किती बोलण्याच्या टास्कला मिळतात? मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले एपिलेप्सीचे (फिट येण्याचा आजार) रुग्ण निरीक्षणासाठी साधारण आठवडाभर असतात, इलेक्ट्रोड कुठे बसणार ते उपचाराच्या गरजेवरून ठरतं तुमच्या गृहीतकावरून नाही, आणि जाग्या शस्त्रक्रियेत संशोधनाला मिळतात ती मोजकी मिनिटं. त्यामुळे जुना साठवलेला डेटा वापरता येईल का हे विचारणं फार गरजेचं. एका रुग्णाचा डेटा पाच जण वापरत असतील तर पहिला लेखक कोण हे कसं ठरतं? एथिक्सची मंजुरी आधीपासून आहे की नव्याने घ्यावी लागेल? लॅब सोडताना कुठला डेटा आणि कुठला प्रश्न सोबत नेता येईल?

हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका. पुढे स्वतःची लॅब काढायची असेल तर पोस्टडॉकमधून बाहेर पडताना एक प्रश्न तुमच्या नावावर असावा लागतो, आणि त्याबद्दल जॉइन होण्याआधी मोकळेपणाने बोलणारा पीआय पुढेही मोकळाच राहतो असा माझा अनुभव आहे.

आणखी एक परीक्षा: त्यांना विचारा की बोलताना होणारा आर्टिफॅक्ट (सिग्नलमध्ये मिसळणारी भेसळ) ते कसा तपासतात. २०२० मध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवलं की मेंदूच्या आतल्या रेकॉर्डिंगमध्येसुद्धा माणसाच्या आवाजाची कंपनं मिसळू शकतात, म्हणजे मेंदूचा सिग्नल वाटतो तो चक्क आवाजाचाच सिग्नल असू शकतो. ज्या लॅबकडे यावर तयार उत्तर आहे ती लॅब काळजीने काम करते.

पायरी ८: ऑफर आणि कागदपत्रं

थोडक्यात सांगते. ऑफर लेखी घ्या, किती वर्षांची आणि कुठल्या पैशातून ते त्यात असू द्या. कर्मचारी म्हणून घेतायत की फेलो म्हणून, यावर विमा आणि टॅक्स बदलतो. अमेरिकेत जे-१ रिसर्च स्कॉलर व्हिसा जास्तीत जास्त ५ वर्षं चालतो, आणि काही जणांना संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागू होते, ती आपल्याला लागू आहे का हे व्हिसा घेण्याआधीच इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा. रुग्णालयात काम असेल तर लसीकरण आणि पार्श्वभूमी तपासणीत वेळ जातो, तिकीट त्यानंतर काढा.

पायरी ९: पहिले तीन महिने

फीडबॅक बदलणारे प्रयोग करणार असाल तर पहिल्याच आठवड्यात एक काम करा. माइकमध्ये आवाज गेल्यापासून हेडफोनमधून बाहेर येईपर्यंत एकूण किती मिलिसेकंद लागतात ते स्वतः मोजा, माइकचा मूळ सिग्नल आणि हेडफोनला जाणारा सिग्नल एकाच रेकॉर्डरच्या दोन चॅनेलवर घ्या आणि दोघांतलं अंतर बघा. ऑडॅप्टरसारखं (बोलतानाच आवाज बदलून ऐकवणारं) सॉफ्टवेअर स्वतः कमी उशीर लावतं, पण साउंड कार्ड आणि ड्रायव्हर आपापली भर घालतात. माझ्या एका पायलट (चाचणी) प्रयोगात कॉम्प्युटर अपडेट झाल्यावर बफरची (आवाज किती साठवून पुढे पाठवायचा याची) सेटिंग बदललेली होती आणि आम्हाला ते अकरा जणांचं रेकॉर्डिंग झाल्यावर कळलं, सगळं फेकावं लागलं. त्या अकरा लोकांनी आपला वेळ दिला होता, मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून मी प्रत्येक सत्राच्या आधी मोजते आणि आकडा वहीत लिहिते.

दुसरं, माणूस स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकतो, तो हेडफोनने थांबत नाही, म्हणून बदललेल्या आवाजात थोडा मास्किंग नॉइज (तो आवाज झाकणारा गोंगाट) मिसळतात आणि पातळी वाढवून ठेवतात. ती पातळी कानाला सुरक्षित आहे का ते साउंड लेव्हल मीटरने तपासा, अंदाजाने नाही.

आणि जॉइन झाल्या दिवशीच विचारा की एथिक्सच्या अर्जात तुमचं नाव घालायची दुरुस्ती कोण भरणार. ती मंजूर होईपर्यंत तुम्हाला कोणाचंही रेकॉर्डिंग घेता येत नाही, आणि तेवढ्या आठवड्यांत लॅबचा जुना डेटा पुन्हा चालवून, त्यांच्या छापलेल्या पेपरमधली एक आकृती स्वतःच्या कोडने तशीच्या तशी काढून बघता येते.